कॅश की टूर्नामेंट : प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, एडिसन, न्यू जर्सी

प्रकल्पाला नाव नाही, फोल्डरला तूर्त 'पत्ते' म्हटलंय. माणसं दोन. मी इथे, दादा पुण्यात. दादा म्हणजे मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला रमी आणि पोकर दोन्ही त्यानेच शिकवलं.

प्रश्न असा: नोकरी सांभाळून आठवड्याचे जेमतेम सात-आठ तास मिळतात. नो-लिमिट होल्डेमचा (पोकरचा एक प्रकार: प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, टेबलावर पाच सामाईक, बेटला वरची मर्यादा नाही) खेळ सुधारायचा असेल तर ते कॅश गेमला द्यायचे (चिप म्हणजे थेट पैसा, कधीही उठता येतं) की टूर्नामेंटला (एकदाच प्रवेशशुल्क, चिप्स संपल्या की बाहेर, शेवटी टिकणाऱ्यांना बक्षिसं)? पैसे कशात जास्त मिळतात हा आमचा प्रश्न नाही. तो विचारणाऱ्याला हवं ते उत्तर सापडतंच.

दादा आजवर टूर्नामेंटच खेळत आला. रविवारी जेवण उरकून लॅपटॉप उघडायचा, पहाटे दोनला बंद करायचा. ते आता थांबलंय. ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद झाले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्या कायद्याने बाजूलाच सारला. त्यामुळे खेळायचं काम माझ्याकडे आणि चिरफाड करायचं दादाकडे. न्यू जर्सीत २०१३ पासून ऑनलाइन पोकर परवान्याने चालतं, माझं खातं तिथलंच.

बजेट वेगळ्या खात्यात टाकून ठेवलंय. ते संपलं की प्रकल्प संपला. वरून भर घालायची नाही, हे दोघांनी लिहून घेतलंय.

१० सप्टेंबर

दादाचा पहिला फोन आणि पहिलाच वाद.

त्याचं म्हणणं: "अगं, टूर्नामेंट स्वस्त पडते. अकरा डॉलर भरलेस, दहा बक्षिसात, एक त्यांच्या फीमध्ये. तीन-चार तास खेळायला मिळतं आणि जास्तीत जास्त अकराच जातात. कॅशमध्ये दहा गेले की हात परत खिशात."

हिशेब बरोबर आहे. पाच-दहा सेंट ब्लाइंडच्या (दर हाताला दोघांनी सक्तीने आधी टाकायच्या रकमा, लहान ती स्मॉल, मोठी ती बिग) टेबलावर १० डॉलर म्हणजे १०० बिग ब्लाइंड (यापुढे बीबी), आणि वाईट रात्री ते दोन-तीनदा जाऊ शकतात. पण त्याने तास मोजले, त्या तासांत काय मिळालं ते मोजलं नाही. त्या तीन-चार तासांत विचार करायला लावणारे निर्णय किती आले आणि कुठल्या जातीचे, हे बघितल्याशिवाय स्वस्त-महाग ठरत नाही. पहिलं काम हेच.

२० सप्टेंबर

साइट प्रत्येक हाताची नोंद मजकुराच्या फाइलीत देते. ती वाचून प्रत्येक निर्णयाला दोन खुणा लावणारा छोटा पायथन प्रोग्राम लिहिला. एक खूण कुठल्या टप्प्यावरचा निर्णय याची (फ्लॉपआधी, मग तीन सामाईक पत्ते उघडतात तो फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर), दुसरी त्या वेळी प्रभावी स्टॅक किती बीबी होता याची. स्टॅक म्हणजे खेळाडूसमोरच्या चिप्स; प्रभावी स्टॅक म्हणजे भिडलेल्या दोघांपैकी ज्याच्याकडे कमी, त्याचा. दादाच्या जुन्या फाइली त्याने खातं बंद होण्याआधी उतरवून घेतल्या होत्या, त्याही यात ओतल्या.

चित्र अपेक्षेपेक्षा जास्त एकतर्फी निघालं. माझ्या कॅशच्या हातांचा ढीग १०० बीबीच्या आसपास एकाच जागी साचलेला. दादाच्या टूर्नामेंटचे हात ६० पासून ८ पर्यंत विखुरलेले, त्यातही ४० च्या खालचे बहुसंख्य. आणि त्याचे रिव्हरवरचे निर्णय? अगदी विरळ. फ्लॉपआधीच ऑल-इन (सगळ्या चिप्स आत) नाहीतर फोल्ड (हात सोडून देणं), किंवा फ्लॉपवर एक बेट की संपलं.

यात दादाचा दोष नाही. गणितच तसं आहे. एक नमुना मांडून पाहिला:

कॅश, १०० बीबी. बटनवरून (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणारी जागा) अडीच बीबीचा रेज (रक्कम वाढवणं), स्मॉल ब्लाइंड फोल्ड, बिग ब्लाइंडचा कॉल (तेवढीच रक्कम भरणं). पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, ५.५ बीबी, दोघांकडे मागे ९७.५. स्टॅक पॉटच्या जवळजवळ १८ पट.

टूर्नामेंट, २५ बीबी, एक बीबी अँटी (दर हाताची आणखी एक सक्तीची रक्कम, इथे बिग ब्लाइंडने भरलेली). बटनवरून दोनचा रेज, बिग ब्लाइंडचा कॉल. अँटी धरून पॉट पुन्हा ५.५ बीबीच. बिग ब्लाइंडकडे मागे उरले २२. स्टॅक पॉटच्या फक्त चौपट.

पॉट सारखाच, पण चौपट स्टॅक तीन टप्प्यांत पुरा आत घालायला दर वेळी पॉटच्या ५४ टक्के बेट पुरते. पॉटएवढी बेट मारली तर दोन टप्प्यांतच सगळं आत, रिव्हर यायच्या आधी. अठरा पट स्टॅक तीन टप्प्यांत घालायचा तर दर वेळी पॉटच्या ११६ टक्के, म्हणजे पॉटपेक्षाही मोठी बेट लागते. तशी कुणी सहसा मारत नाही, म्हणून रिव्हरवर पोचेपर्यंत दोघांकडे भरपूर चिप्स शिल्लक असतात आणि खरा अवघड प्रश्न तिथे सुरू होतो.

दादाला तक्ता पाठवला. त्याचं उत्तर एका शब्दाचं: "हं."

५ ऑक्टोबर

कोजागरी उद्या सोमवारी आहे, पण इथे सण शनिवारी येतात, त्यामुळे काल रात्री आमच्याकडे मसाला दूध आणि पत्ते. नऊ जण. पैसे नाहीत, जिंकणाऱ्याने उरलेली भेळ घरी न्यायची.

पाहुण्यांत टूर्नामेंटच योग्य, यात वाद नाही. सगळे एकत्र सुरू करतात, कुणीतरी जिंकतं, आणि रात्र संपते. कॅश गेम संपतच नाही, तो कुणीतरी मोडावा लागतो.

पण घड्याळ लावून बसले होते म्हणून एक गोष्ट टिपता आली. सुरुवात प्रत्येकी ५,००० चिप्स, ब्लाइंड २५-५०, म्हणजे १०० बीबी. कागदावर ऐसपैस. ब्लाइंड दर १५ मिनिटांनी वाढणार. घरी पत्ते पिसणं, वाटणं, 'आता कोणाची पाळी' आणि दूध उतू गेलं का ते बघणं धरून १५ मिनिटांत पाच-सहाच हात होतात. नऊ जणांच्या टेबलावर बटनची एक फेरी पुरी व्हायच्या आत ब्लाइंड वाढतात! टेबलावर एकूण चिप्स ४५,०००. चौघं उरली आणि ब्लाइंड ३००-६०० झाले, तेव्हा सरासरी स्टॅक १९ बीबीपेक्षाही कमी. तिथून पुढे कुणी पत्ते खेळलं नाही. एकेक जण ऑल-इन म्हणत उभा राहिला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मजा आली. शिकायला मात्र पहिल्या तासातच काही मिळालं. ऑनलाइन टर्बो (ब्लाइंड झटपट वाढणाऱ्या) टूर्नामेंटांत वेगळं काही होत नाही, फक्त तिथे टाळ्या नसतात.

१८ ऑक्टोबर

टूर्नामेंटचा जो भाग खरोखर वेगळा आहे, तो आज धरला. चिप्सची किंमत.

कॅशमध्ये चिप म्हणजे पैसा, एकास एक. टूर्नामेंटमध्ये शेवटच्या चिपपर्यंत सगळं जिंकलं तरी हाती पहिलं बक्षीसच येतं, पूर्ण रक्कम नाही. म्हणून चिप्सचं बक्षिसाच्या रकमेत रूपांतर करायला आयसीएम नावाचं गणित वापरतात. पोकरमध्ये ते मेसन माल्मथने १९८७ साली मांडलं. गाभा साधा आहे. पहिला येण्याची शक्यता तुमच्या चिप्सच्या प्रमाणात. मग पहिल्याला बाजूला काढून उरलेल्यांत दुसऱ्याची शक्यता त्याच प्रमाणात, आणि असंच पुढे.

प्रोग्राममध्ये वीसेक ओळींत बसलं. दादाला समजावं म्हणून सर्वांत सोपं उदाहरण घेतलं. चार जण उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स, बक्षिसं तिघांनाच: ५०, ३० आणि २०. म्हणजे हाच बबल, पुढचा बाहेर जाणारा रिकाम्या हाती जाणार.

आत्ता प्रत्येकाचा वाटा २५. समजा मी एकाशी ऑल-इन भिडले आणि जिंकले. चिप्स दुप्पट. वाटा ५० व्हायला हवा? होतो ३८.३३. पहिली येण्याची शक्यता अर्धी, दुसरी एक-तृतीयांश, तिसरी एक-षष्ठांश: २५ अधिक १० अधिक ३.३३. हरले तर शून्य. मग भिडणं परवडायला जिंकण्याची शक्यता किती हवी? २५ भागिले ३८.३३, म्हणजे ६५.२ टक्के. कॅशमध्ये ब्लाइंड सोडून दिले तर ५० पुरले असते.

आणि ज्या दोघांनी काहीच केलं नाही, नुसते बघत बसले, त्यांचा वाटा २५ वरून ३०.८३ झाला. आमची भांडणं, त्यांचा फायदा.

संध्याकाळी फोनवर:

"समोरचा डोळे झाकून, कुठल्याही दोन पत्त्यांवर ऑल-इन जातोय असं धर," मी म्हटलं. "तुझ्याकडे एक्का-राजा, वेगवेगळ्या रंगांचे. कॉल?"

"हे काय विचारणं झालं? अर्थात कॉल."

"एक्का-राजा कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध ६५.३ टक्के जिंकतो. लागतात ६५.२."

पलीकडे शांतता. मग, "म्हणजे एक्का-राणी फोल्ड?"

"ती ६४.४. फोल्ड. सत्तीची जोडी ६६ च्या वर, कॉल. छक्कीची जोडी ६३, फोल्ड."

"समोरचा आंधळा असताना?"

"समोरचा आंधळा असताना."

ब्लाइंडमध्ये पडलेल्या चिप्स धरल्या तर आकडे थोडे खाली सरकतात, हे त्याला सांगितलं. कॅशमध्ये याच आंधळ्या ऑल-इनविरुद्ध राणी-सत्तीसुद्धा जवळजवळ ५२ टक्के जिंकते, म्हणजे कॉल. राणी-सत्तीपासून एक्का-राजापर्यंतचं हे सगळं अंतर केवळ बक्षिसांच्या वाटणीमुळे पडलंय. पत्ते तेच, माणूस तोच.

दादाने इतकी वर्षं बबलवर एक्का-राणी फेकली नाही, असं तो म्हणाला. "आणि बऱ्याचदा चाललं," हेही म्हणाला.

९ नोव्हेंबर

घड्याळं मागे गेल्यापासून पुण्याशी साडेदहा तासांचं अंतर. आता दादाची सकाळ म्हणजे माझी रात्र. त्याच्या चहाच्या वेळी माझे डोळे मिटायला लागतात.

'बऱ्याचदा चाललं' हे वाक्य डोक्यात राहिलं होतं. निकालावरून आपण सुधारतोय की नाही हे कळायला किती हात लागतात, ते आज मांडलं.

सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर चढउताराचं प्रमाण, म्हणजे प्रमाण विचलन, दर १०० हातांमागे साधारण ९० बीबी धरतात. १०,००० हात खेळले तर सरासरीतली अनिश्चितता दर १०० हातांमागे ९ बीबी. म्हणजे जो खेळाडू खरोखर दर शंभराला ५ बीबी कमावण्याच्या लायकीचा आहे, त्याचा आलेख १०,००० हातांनंतर (दोन्ही बाजूंना ९ ची दुप्पट धरून) उणे १३ आणि अधिक २३ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. चांगला खेळाडू खुशाल तोट्यात दिसेल, सुमार खेळाडू स्वतःला गुरू समजेल. प्रत्यक्ष टेबलावर तासाला ३० हात धरले तर १०,००० हात म्हणजे ३३३ तास. आमच्या वेळापत्रकात चाळीसहून जास्त आठवडे, आणि शेवटी कळणार काय, तर काही नाही.

टूर्नामेंटमध्ये हे आणखी बिकट. शंभरांत पंधरांना बक्षीस धरलं तर सरासरी खेळाडू सलग दहा वेळा रिकाम्या हाती परतण्याची शक्यता जवळपास २० टक्के आहे. आणि खरा पैसा पहिल्या तिघांत. तिथे सरासरी खेळाडू तेहतिसांतून एकदा पोचतो. बाकीचे सगळे रविवार काहीच सांगत नाहीत.

तेव्हा निकाल मोजायचाच नाही. मोजायची ती चुकीची किंमत: या निर्णयात मी किती बीबी सोडले. इथे माझ्या मते कॅश निर्विवाद पुढे आहे. कॅशमधली प्रत्येक चूक एकाच मापाने मोजता येते. आज सोडलेले ३ बीबी आणि परवा सोडलेले ३ बीबी सारखेच, बेरीज करता येते. टूर्नामेंटमधल्या चुकीची किंमत टेबलावरच्या बाकी सगळ्यांच्या स्टॅकवर, किती जण उरलेत यावर आणि बक्षिसांच्या तक्त्यावर अवलंबून. तोच एक्का, तीच राणी, तोच ऑल-इन. पहिल्या तासात कॉल न करणं ही चूक, बबलवर करणं ही चूक.

याला एक जुना साक्षीदार मिळाला. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्रेटस हा प्रोग्राम चार व्यावसायिकांशी २० दिवस खेळला. एकास एक, एकूण १,२०,००० हात. प्रत्येक हाताच्या सुरुवातीला दोघांचे स्टॅक पुन्हा २०० बीबी केले जात, आणि नशिबाचा वाटा कमी व्हावा म्हणून तेच पत्ते दुसऱ्या जोडीला उलटे वाटले जात. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाने फेसबुकबरोबर केलेला प्लुरिबस सहा जणांच्या टेबलावर खेळला, १०,००० हात, आणि तिथेही दर हाताला १०० बीबी. कोण चांगलं खेळतं हे मोजायची वेळ आली तेव्हा त्या लोकांनी टूर्नामेंट भरवली नाही.

दादाला पाठवलं. त्याचं उत्तर: "यंत्राला बक्षिसाचं काय पडलंय!"

१६ नोव्हेंबर

काल अटलांटिक सिटी. गार्डन स्टेट पार्कवेवरून दीड तासाच्या वर. एक-तीन डॉलरचं टेबल, ३०० घेऊन बसले, म्हणजे १०० बीबी. ऑनलाइनपेक्षा किती संथ! पण सगळं दिसतं. कुणाचा हात थरथरतो, कोण चिप्सशी चाळा करता करता थांबतं.

एकच हात लिहिण्यासारखा. माझ्याकडे बटनवर एक्का-राणी, दोन्ही इस्पिक. माझ्यासमोर ईगल्सची टोपी घातलेले एक काका. तासभरात त्यांनी एकदाही रेज केला नव्हता. सगळं कॉल, कॉल, कॉल. त्यांनी आधी तीन टाकले, मी १५ केले, बिग ब्लाइंड आणि काका दोघं आले. पॉट ४६.

फ्लॉप: बदामाची राणी, इस्पिकची अठ्ठी, किलवरची तिर्री. मी २०, फक्त काका कॉल. पॉट ८६. टर्न चौकटची छक्की. मी ५०, काका कॉल. पॉट १८६. रिव्हर बदामाची अठ्ठी. आणि माझ्या आधी बोलायची पाळी त्यांची. काकांनी चिप्सचा एक मनोरा मोडला, दुसऱ्याला जोडला, आणि १२० पुढे सारले.

आकडा सोपा आहे. १२० भरून ३०६ मिळवायचे, म्हणजे २८ टक्क्यांच्या वर जिंकायला हवं. प्रश्न आकड्याचा नव्हताच. या माणसाकडे इथे बढाईचे (ब्लफचे) हात किती? दोन टप्पे गप्प राहिलेला, बोर्डवर, म्हणजे सामाईक पत्त्यांत, जोडी लागल्यावर जागा झालेला. हरलेल्या हाताने १२० टाकायला त्याने आधी कधीतरी काहीतरी टाकलेलं असायला हवं होतं. मी फोल्ड केलं. काकांनी पत्ते उलटेच सरकवले आणि कॉफी मागवली. काय होतं ते कळायचा मार्ग नाही, आणि नोंदीसाठी कळायची गरजही नाही.

मुद्दा असा की २५ बीबीच्या टूर्नामेंटमध्ये हा हात रिव्हरपर्यंत असा पोचलाच नसता. टर्नवर माझे सगळे आत असते आणि विचार संपला असता. कॅशमध्ये हा प्रश्न मला विचारला गेला, आणि पुढच्या शनिवारीही विचारला जाईल, त्याच १०० बीबीच्या स्टॅकवर. गाण्यात पलटे घोटतात तसा हा एकच निर्णय घोटता येतो.

२३ नोव्हेंबर

रेकबद्दल, म्हणजे साइट किंवा कॅसिनो कापून घेते त्या हिश्श्याबद्दल, थोडक्यात. ऑनलाइन लहान (कमी पैशांच्या) टेबलावर पॉटमधून साधारण ५ टक्के कापतात, वर ठराविक मर्यादा. लहान टेबलावर ही मर्यादा क्वचितच गाठली जाते, त्यामुळे काप बोचतो. फ्लॉप न पाहता हात संपला तर बहुतेक ठिकाणी काही कापत नाहीत. याचा खेळावर थेट परिणाम होतो. स्मॉल ब्लाइंडमधून नुसता कॉल करण्यापेक्षा रेज किंवा फोल्ड बरा, कारण फ्लॉप बघायचं भाडं लागतं. टूर्नामेंटमध्ये फी एकदाच, दारात, नंतर विसरून जा. नवख्याला ते सोपं आहे, हे मान्य.

गोव्याचं दादाने विचारलं होतं. मांडवीवरच्या जहाजांत पोकर चालतं, तो पूर्वी जाऊन आलाय. पण कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून ४० टक्के झालाय. वर जाणं-येणं, राहणं. मौज म्हणून जायचं तर जा, सराव म्हणून नको, असं त्याला सांगितलं. "मौज म्हणूनच जायचो ना," तो म्हणाला. मग ठीक.

३० नोव्हेंबर

दादाने आज सविस्तर बाजू मांडली, आणि ती टाकाऊ नाही. त्याचे मुद्दे माझ्या शब्दांत.

कमी स्टॅकचा खेळ पूर्ण शिकता येतो. दहा बीबीवर स्मॉल ब्लाइंडमधून कुठले पत्ते ऑल-इन टाकायचे, याची सोडवलेली उत्तरं तक्त्यात आहेत. समोर एकटा बिग ब्लाइंड असेल तर अर्ध्याहून जास्त हात ऑल-इन टाकायचे असतात, हे ऐकून नवखा माणूस दचकतो. पण तक्ता पाठ केला की त्या भागात तुम्ही कुणाहीपेक्षा फारसे मागे राहत नाही. १०० बीबीच्या रिव्हरबद्दल असं जन्मात म्हणता येणार नाही.

दुसरं, टूर्नामेंटमध्ये उठता येत नाही. कॅशमध्ये चिडचिड झाली की माणूस उठतो किंवा नवीन चिप्स घेतो. टूर्नामेंटमध्ये निम्मा स्टॅक गेल्यावर त्याच खुर्चीत, उरलेल्या निम्म्यानिशी बसावं लागतं. ही शिस्त कॅश शिकवत नाही, असं दादाचं म्हणणं. यावर मी वाद घातला नाही. उठण्याची शिस्त हीसुद्धा शिस्तच, पण तो वेगळा विषय.

तिसरं त्याने बोलून दाखवलं नाही, पण ते आहेच. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. २०२४ मध्ये बंगळुरूच्या संतोष सुवर्णाने तिथेच अडीच लाख डॉलर प्रवेशशुल्काची स्पर्धा जिंकली, ५४ लाखांहून जास्त डॉलर. कॅश गेममध्ये अशा गोष्टी घडत नाहीत. तिथे मंगळवारी ४० बीबी जिंकले, बुधवारी ३५ हरले, एवढंच. पेपरात फोटो टूर्नामेंटवाल्याचाच येतो. खेळ सुधारायला याचा उपयोग नाही, पण रात्री एक वाजता लॅपटॉप उघडायला लावणारी गोष्ट हीच असते.

१४ डिसेंबर

गेले काही आठवडे एकच जागा धरून काम चाललंय: बटनचा रेज, मी बिग ब्लाइंडमध्ये, माझा कॉल, १०० बीबी. इतर सगळे हात खेळायचे, पण अभ्यास फक्त या जागेचा.

पद्धत: खेळताना काही बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम या जागेचे हात वेगळे काढतो, मी प्रत्येकाखाली 'का केलं' ते एका ओळीत लिहिते, मगच सॉल्व्हर (आदर्शाच्या जवळचा खेळ काढून देणारा प्रोग्राम) उघडायचा. आधी सॉल्व्हर बघितला की माणूस स्वतःचं कारण बदलून लिहितो, म्हणून हा क्रम पक्का.

काय सापडलं: समोरच्याने रिव्हरवर अर्ध्या पॉटची बेट मारली की मी फार सोडते. अर्ध्या पॉटच्या बेटला कॉल करायला २५ टक्के पुरतात (पॉट ६०, बेट ३०, ३० भरून ९० मिळवायचे). आणि समोरच्याला कुठल्याही दोन पत्त्यांनी बढाई मारून आपोआप फायदा होऊ नये यासाठी मी दोन-तृतीयांश वेळा तरी टिकायला हवं. माझा आकडा त्याच्या बराच खाली आहे. लहान टेबलावर लोक रिव्हरला बढाई कमी मारतात, त्यामुळे पुस्तकी आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. पण माझ्या एका ओळीच्या कारणांत 'भीती वाटली' हेच वेगवेगळ्या शब्दांत येत राहतं. 'काकांसारखा माणूस दिसला' असं कारण अटलांटिक सिटीत चालतं, पडद्यावर काका दिसत नाहीत.

टूर्नामेंटसाठी हेच करायचं म्हटलं तर? बटन विरुद्ध बिग ब्लाइंड ही एकच जागा १२, १५, २०, २५, ३०, ४० बीबीला वेगवेगळी सोडवायची, आणि बबलजवळ ती सगळी परत नव्याने. टूर्नामेंटवाले कमी अभ्यास करतात असं नाही. त्यांना जास्त करावा लागतो, आणि प्रत्येक पान त्यांच्यासमोर क्वचितच उघडतं. आठवड्याला सात-आठ तासवाल्यांना ते झेपत नाही.

४ जानेवारी २०२६

ठरलं.

येते सहा महिने कॅश, सहा जणांचं टेबल, १०० बीबी. स्टॅक त्याखाली गेला की लगेच भरून घ्यायचा, म्हणजे प्रश्न तोच राहील. महिन्यातला शेवटचा रविवार टूर्नामेंटला, आणि तिचे हात कॅशच्या फाइलीत मिसळायचे नाहीत. आयसीएमचा अभ्यास टेबलाबाहेर, कागदावर. तो खेळत खेळत शिकायचा म्हटलं तर बबल महिन्यातून एखादा वाट्याला येतो आणि तोही डोक्यात घंटा वाजत असताना.

ज्याला घरच्या मंडळींत खेळायचंय किंवा ज्याच्याजवळ महिन्यातून एकच मोकळी रात्र आहे, त्याने टूर्नामेंटच खेळावी, असं माझं आजही मत आहे. आमचा प्रश्न तो नव्हता.

बाजूची नोंद: १ जानेवारीपासून इथे कर मोजताना जुगारातली हार जिंकलेल्या रकमेतून वजा करताना ९० टक्केच धरणार. मोठी उलाढाल करणाऱ्यांची यात वाट लागू शकते, वर्षाअखेर बरोबरीत सुटले तरी कर लागेल. आमच्या पाच-दहा सेंटांना त्याची झळ नाही, तरी खात्याची वही वेगळी ठेवतेय.

दादाला निर्णय मान्य आहे, म्हणजे माझ्यासाठी. स्वतःसाठी नाही. तो फुकटच्या चिप्सवर खेळून बघत होता, पण तिथे कुणी फोल्डच करत नाही म्हणून वैतागला. आता त्याने तक्ते घेतलेत आणि रोज सकाळी चहाबरोबर ऑल-इन की फोल्ड असे प्रश्न सोडवतो. दहा बीबीवर चुका जवळजवळ थांबल्यात, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "दादा, मग आता पंचवीसवर ये."

"पंचवीसवर फ्लॉप बघावा लागतो," तो म्हणाला.

पुढच्या महिन्याचं काम: त्याच जागेत, बिग ब्लाइंडमधून, टर्नवर चेक-रेज (आधी बेट न मारणं, समोरच्याने मारली की रेज). माझ्या फाइलीत तो जवळजवळ नाहीच. आणि दादाने काल एक हात पाठवलाय, 'तातडीचं' असं लिहून. १८ बीबी, सात जण उरलेत, बक्षिसं सहा, हातात एक्का-राणी.

शनिवारी बघते.